पट्टी उजव्या गुडघ्याला

बाकीच्या घरांत सासू-सुनेचं राजकारण चालतं. आमच्या घरात दोन गुडघ्यांचं चालायचं, आन ते मलाच निस्तरावं लागायचं.

नवऱ्याचं नाव घ्यायला आमच्याकडं उखाणा लागतो, पण तुम्हाला कळायला पाहिजे म्हणून सरळ सांगते. कडूबा. ह्यांच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून माझ्या सासूनं, द्वारकाबाईनं, ह्यांचं नाव कडू ठेवलं. कडू म्हणलं की मरण तोंड लावत नाय म्हणे. गंगापूरच्या बाजूला गावोगावी असे कडूबा निघतेत. पण कबड्डीच्या मैदानावर हा एकच. माईकवाला "कडूबाऽऽ" म्हणून नाव ओढायला लागला की समोरची माणसं आधीच मागं सरकायची. चढाईला गेले की दोघं-तिघं अंगावर घेऊन मध्यरेषेला हात लावायचे. लग्नात मला मैतरणी म्हणाल्या, आवडे, तुझा नवरा टीव्हीवर येतो, तुझं काय बाई! मी पण अशी फुगले होते, काय सांगू.

ह्याच कबड्डीनं आम्हाला गावातून उचललं आन शहरात, गारखेड्यात आणून टाकलं. टीम कारभारी शेठची. शेठच्या मालवाहू गाड्या वाळूजच्या कारखान्यांत चालतेत, तर त्यांच्याच वशिल्यानं ह्यांना तिथं नोकरी. शेठच्याच बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर आम्हाला दोन खोल्या. मला आधी वाटलं, देवमाणूस हाय. मंग हळूहळू डोक्यात उजेड पडला. खेळ, नोकरी आन डोक्यावरचं छप्पर, तिन्ही दोऱ्या एकाच माणसाच्या हातात. एक सुटली की तिन्ही सुटणार. आमच्या आधी ह्याच खोल्यांत दुसरा एक खेळाडू राहायचा. त्याचा खांदा गेला, तो एक सीझन बसला. शेठ त्याला काय म्हणाला माहितीये? म्हणाला, "बसल्या बैलाला वैरण कोण घालतं बाबा?" त्याच्या लेकरानं भिंतीवर ओढलेल्या रेघोट्या अजून तशाच हायेत. मी पुसल्या नायत, मला पुसवल्या नायत.

मागच्या सीझनला ह्यांचा गुडघा गेला. डावा. हे ध्यानात ठेवा, डावा.

डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला. "आतली दोरी निम्मी तुटलीय. ऑपरेशन करा आणि वर्षभर बसा." हे म्हणाले, वर्षभर बसणं जमणार नाय. डॉक्टरांनी चष्मा काढला. "मग एक गोष्ट तरी पाळा. खेळताना परत कट्‌कन आवाज आला, तर तो पाय जमिनीला टेकायचा नाही. एक पाऊलसुद्धा नाही. तसंच उचलून माझ्याकडे आणायचं. तुटलेल्या गुडघ्यावर चाललात तर तो जन्मभर दुमडायचा नाही." मी विचारलं, दुमडायचा नाय म्हंजे कसं? ते म्हणाले, "मांडी घालता येणार नाही, उकिडवं बसता येणार नाही. जिना चढताना पाय मागून ओढावा लागेल." सव्वीस वर्षांचा माणूस हो! मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. हे मला म्हणाले, "गप, कोणी बघंल."

"कोणी बघंल." तेव्हापासून आमच्या घरात हाच मंत्र.

टीमचे कोच मोहियोद्दीन सर. एका जमान्यात मोठे खेळाडू. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले, मशिदीत खुर्चीवर बसून नमाज पढतेत. मला एकदा म्हणाले होते, "बेटा, मेरा माथा चौदा बरस से जमीन को नहीं लगा." सांगताना त्यांनी दुसरीकडं बघितलं होतं. असा माणूस तरी म्हणंल ना, कडू, बस घरी? नाय म्हणाले. त्यांना पण शेठचीच भाकर. त्यांनी काय अक्कल काढली, ऐका.

"पट्टी उजव्या पायाला बांधायची," सर म्हणाले. "जिथं पट्टी, तिथं पकड. पूरी दुनिया पट्टी पे हात मारती. मारू दे. उजवा तर ठणठणीत है ना तेरा?"

आन खरंच तसं झालं. उजव्या गुडघ्याला ही जाड पट्टी. समोरच्या टीमचे सगळे गुळाला माशा लागाव्या तसे त्याच गुडघ्याला लागायचे. हे त्यांना उजव्या पायावर लोंबकळत ठेवायचे आन ओढत रेषेपर्यंत यायचे. डाव्याकडं कोणी बघायचं पण नाय. टाळ्या, शिट्ट्या, सगळं. मी मात्र टाळी वाजवताना त्या डाव्याकडंच बघत राहायचे.

पण नाटक मैदानावरच संपत नाय ना! बाहेर पण उजव्याच पायानं लंगडायचं. आता तुम्हीच एकदा उठून करून बघा. उजव्या पायानं लंगडायचं म्हंजे सगळा भार डाव्यावर घ्यायचा. जो गुडघा दुखतोय त्याच्यावरच उभं राहायचं आन जो धडधाकट हाय त्याला जपायचं. मी म्हणायचे, "आहो, निदान दूध आणायला जाताना तरी खरं लंगडा." तर म्हणायचे, "आवडा, मोबाइल आता दूधवाल्याकडं पण असतो."

खालच्या मजल्यावरच्या आशाबाई तेल घेऊन यायच्या. बाई मायाळू, पण तोंडाची फाटकी. तिला काय सांगितलं की संध्याकाळपर्यंत क्रांती चौकात पोचलंच समजा. तिच्यासमोर मला उजवा गुडघा चोळावा लागायचा. हे बाजेवर पडून "आई गं, हळू" करायचे. असं कण्हायचे की मलाच वाटावं, ह्यांचा उजवाच गेलाय. ती गेली की मी दार लावायचे आन डाव्यावरची चादर काढायचे. सामना झाला की दोन दिवस कोहळ्यासारखा सुजलेला असायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतेत ना, तो असा असतो. मी चिडायचे, भांडी आपटायचे. मंग ती भांडी पण हळूच आपटायचे, कारण शेठचा ड्रायव्हर खाली उभा असायचा.

गावाकडं सासूला सुद्धा ह्यांनी उजवाच सांगितला होता. मी म्हणलं, आईला तरी खरं सांगा. म्हणाले, "तिला सांगितलं की ती एष्टीत शेजारी बसलेल्या बाईजवळ रडणार. ती बाई कोणाची आई निघंल, सांगता येतं का?" ते पण बरोबरच होतं म्हणा.

मंग फायनल आली. आन फायनलला आत्या आल्या. सासूला मी आत्याच म्हणते.

सकाळच्या एष्टीनं आल्या, डोक्यावर बाजरीच्या पिठाचं गाठोडं. हे आन मी त्यांना घ्यायला खाली गेलो आन तिघं आम्ही जिना चढलो. हे पुढं, आत्या मधी, मी मागं. हे उजव्या पायानं लंगडत होते, सवयीनं. आत्या ह्यांच्या पायांकडं बघत बघत चढल्या. वर आल्यावर पाणी प्याल्या, घाम पुसला, माझ्या माहेरची चौकशी केली. पायाचं एका शब्दानं विचारलं नाय. मी मनात म्हणलं, सुटलो बाई.

दुपारी हे जेवले आन झोपले. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला सामना, त्याआधी झोप लागतेच. मी खालच्या नळावर पाणी भरायला गेले. आशाबाईनं मला तिथं अडकवून ठेवलं, सूनबाईचं गाऱ्हाणं काय संपेना. वर आले तर घरभर आंबेहळदीचा वास.

आत्या बाजेजवळ बसलेल्या. मांडीवर वाटी. हे ढाराढूर झोपलेले, आन ह्यांच्या गुडघ्यावर हा बोटभर जाड लेप. आंबेहळद, तुरटी, रक्तबोळ, गरम गरम थापलेला. पिवळाधम्मक. डाव्या गुडघ्यावर!

"आत्या! काय केलं हो हे!" मी ओरडले. घागर हातातून सुटली.

"हळू, उठंल त्यो," आत्या म्हणाल्या. "अगं, त्याचा डावा दुखतोय आन तुमी पट्टी उजव्याला बांधता. येड्यावानी. जिना चढताना मी बघितलं ना. उजवा नुसता उचलत व्हता, डाव्यावर मातुर दात खात व्हता."

"तुम्हाला त्यांनी सांगितलं होतं ना, उजवा म्हणून!"

"माझ्या पोटचं हाय ते," आत्या म्हणाल्या. "कुठं दुखतं ते मला पट्टी सांगणार व्हय?"

सगळ्या शहराला फसवलं, टीव्हीला फसवलं, समोरच्या पैलवानासारख्या गड्यांना फसवलं, आन ही बाई एक जिना चढून मोकळी झाली.

हे उठले. खाली बघितलं. आधी त्यांना कळेचना. मंग असे पांढरे पडले की मला वाटलं चक्कर येतीये. मोरीत धावलो. लेप तर निघाला, रंग निघंना. अंगाचा साबण झाला, कपड्याचा साबण झाला, लिंबू झालं, बेसन झालं. मी रॉकेलाचा बोळा फिरवला. कातडं लाल झालं आन त्या लालात पिवळं अजूनच उठून दिसायला लागलं. हळद ती. लग्नातली आठ-आठ दिवस जात नाय, ही तर गरम करून थापलेली.

तेवढ्यात मोहियोद्दीन सर स्कूटरवर न्यायला आले. दारातनंच त्यांनी बघितलं आन कपाळाला हात लावला. "या अल्ला."

"त्याच्यावर पण पट्टी बांधू," मी म्हणलं.

"नक्को, नक्को," सर म्हणाले. "पूरा सीझन जो गुडघा मोकळा होता, त्याला आज फायनलला पट्टी? म्हंजे बोंब मारून सांगितल्यासारखंच. आन सामने गयास है. कोपऱ्यात उभा राहतो, पण नजर घारीची. दो साल कडू के साथ खेला है. पिवळा दिसला तरी समजंल, पट्टी दिसली तरी समजंल."

पावडर लावून बघितली. पायाला घाम आला तेवढ्यानं ती पण ओघळली.

आता खरं सांगते, त्या टायमाला मला आनंद झाला. लई आनंद झाला. मला वाटलं, हे देवानंच केलं. आता खेळता येणारच नाय, आता बसावंच लागणार. मी सरांपुढं हात जोडले. म्हणलं, "सर, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला ठावं हाय. आज ह्यांना सोडा. फोन करा शेठला, सांगा ताप आलाय."

सरांनी माझ्याकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं. मंग खरंच फोन लावला. मी देव्हाऱ्याकडं तोंड करून उभी राहिले.

"शेठ, कडू को आज जरा आराम देते. बुखार है," सर म्हणाले.

शेठचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "सर, फायनल हाय! टीव्हीवाले आलेत, आमदार आलेत, निम्मं गंगापूर ट्रकात बसून आलंय. आजारी असला तर बाजेसकट आणा. आन नसंल यायचं, तर खोल्यांच्या किल्ल्या तेवढ्या ड्रायव्हरकडं द्यायला सांगा."

सरांनी फोन खिशात ठेवला. हे मोरीच्या उंबऱ्यावर बसले होते, पाय पुढं पसरून, डोकं दोन्ही हातांत धरून. तसेच म्हणाले, "आई, तू माझं अन्न काढलंस गं."

आत्यांचं तोंड मी आयुष्यात विसरणार नाय. दोन लेकरं पुरलेली बाई. तिसऱ्याला जगवायला त्याला कडू म्हणली. त्यानंच असं म्हणावं! त्यांनी मला विचारलं, "आवडे, त्यो जाणारच का?" मी मान हलवली. आत्यांनी वाटी उचलली. राहिलेली आंबेहळद पाण्यात कालवली आन ह्यांच्या उजव्या पायाला पोटरीपासून लावायला सुरुवात केली.

"आई, काय करती?"

"गप बस. जायाचंच असंल तर निदान झाकून जा." दोन्ही पाय झाले, दोन्ही हात झाले, कपाळाला पाची बोटं ओढली. "कोणी विचारलं तर म्हण, साताऱ्याच्या खंडोबाचा भंडारा हाय. नवस बोललाय म्हण." इथंच बायपासच्या पलीकडं सातारा म्हणून गाव हाय, तिथं आमचा खंडोबा. आत्या हळद लावता लावता रडत होत्या आन पदरानं नाक पुसत होत्या, तर त्यांचं नाक पण पिवळं झालं. मला हसू आलं आन हसता हसता मी पण रडायला लागले. सर म्हणाले, "अम्माजान, आपने तो कमाल कर दिया." त्यांनी उजव्या गुडघ्याला पट्टी आवळली, पिवळ्यावर पांढरी.

देवानं उघडलेलं दार असं आमच्याच हातानं लागलं. बरं, रागावणार कोणावर? आईवर?

मैदानावर गेलो तर काय ती गर्दी! दिवे असे की रात्र हाय का दिवस कळू नये. मला आन आत्यांना घरच्या माणसांच्या जागेत, बांबूच्या कठड्याला लागून बसवलं. हे मॅटवर आले. गंगापूरहून आलेल्यांतनं कोणीतरी आरोळी ठोकली, "येळकोट येळकोट!" आन अख्खं मैदान, "जय मल्हार!" माईकवाल्याला तर घबाडच सापडलं. "खंडेरायाचा भक्त, कडूबाऽऽ! भंडारा लेऊन आलाय आपला वाघ!" मी शेठकडं बघितलं. शेठ आधी चकित, मंग असा खुश झाला की शेजारच्याला टाळी दिली. पोरं कुठनं तरी हळदीच्या पुड्या घेऊन आली आन वर उधळायला लागली. ते मुक्या माराचं औषध होतं हो! पण कोणाला सांगणार? आत्या माझा हात धरून बसल्या होत्या.

सामना काय मी नीट बघितला नाय. मी एक गुडघाच बघत होते. दर चढाईला हे परत आले की मी श्वास सोडायचे. गयास आधी ह्यांच्या दोन्ही पायांकडं बघत राहिला, पण सगळंच पिवळं, त्याला काय कळणार. शेवटी तो पण पट्टीलाच लागला.

शेवटची चढाई राहिली. आमची टीम दोन गुणांनी मागं. हे गेले. "कबड्डी कबड्डी" चा दम इथपर्यंत ऐकू येत होता. गयासनं झेप घेतली आन उजव्या गुडघ्याला मिठी मारली. लगेच दोघं वरून पडले. सगळे उजव्या पायाला. सरांनी म्हणलं होतं तसंच, अगदी तसंच. पण तीन गड्यांना ओढायचं तर दुसरा पाय रोवावा लागतो ना? हा विचार इतक्या महिन्यांत कोणीच केला नव्हता, ना सरांनी, ना मी. ह्यांनी डावा पाय रोवला, पीळ घेतला आन अंग रेषेकडं फेकलं. बोटं रेषेपलीकडं गेली. तिघंही बाद. आम्ही जिंकलो.

लोक उड्या मारत होते. मी बघत होते ह्यांच्या तोंडाकडं. ते तोंड मला माहीत होतं. गयास शेजारीच पडलेला. तो गुडघ्यावर बसला, ह्यांच्या डाव्या पायाकडं बघितलं, आन हात वर करून ओरडायला लागला, "डॉक्टर को बुलाव! अबे कोई डॉक्टर को बुलाव, आवाज आया इसका!" हरलेला माणूस, पण त्यानंच हाक मारली. म्हणून मी त्याला नावं ठेवत नाय.

ह्यांनी गयासचा हात खाली ओढला. "काय नाय झालं," म्हणाले. ओठांवरनं कळलं मला. आन उठले. टीव्हीवाला कॅमेरा घेऊन समोर आला होता. हे उठले आन लंगडले.

उजव्या पायानं!

तुटला डावा, आन लंगडतेत उजव्यानं. सगळ्या देहाचा भार त्या तुटलेल्या गुडघ्यावर. मी किंचाळले, "डाव्यावर टेकू नका! आहो, डाव्यावर टेकू नका!" इतक्या दिवसांचं गुपित मी भर मैदानात बोंबलून सांगितलं. कोणाला ऐकू जाणार? येळकोट येळकोट चालला होता. शेजारची बाई मला म्हणाली, "व्हय ताई, लई भारी खेळले, लई भारी!" फक्त मोहियोद्दीन सरांनी ऐकलं. ते बाकड्याजवळ उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आन मान खाली घातली.

शेठनं माईक घेतला. "आता आपला वाघ मैदानाला फेरी मारणार! भंडारा उधळा!" ह्यांच्या हातात तो मोठा चषक दिला. सर पुढं झाले, शेठच्या कानाला लागून काय तरी बोलले. शेठनं हसत हसत त्यांच्या पाठीवर थाप मारली आन माईक परत तोंडाला लावला.

मी पदर खोचला आन कठड्याखालनं आत घुसले. एका कार्यकर्त्यानं हात आडवा घातला, तो मी झटकला. पळत ह्यांच्यापाशी गेले आन डाव्या बाजूनं खांदा दिला. कंबरेला हात घातला. ह्यांची हळद घामात कालवून गळ्यापर्यंत आली होती. मी म्हणलं, "सगळा भार माझ्यावर टाका. तो पाय उचला. पाऊल टाकायचं नाय, डॉक्टर काय म्हणाले? गयास येतो, सर येतेत, उचलून नेतो. जाऊ द्या खोल्या. गावाकडं जाऊ."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाय. समोर कॅमेरा होता, त्याच्याकडं बघून हसत होते. हसता हसता, दात न हलवता म्हणाले, "आवडा, उजव्या बाजूनं ये."

"काय?"

"उजव्या बाजूनं ये. लोकं बघतेत."

मी कोणाचं ऐकून घेणारी बाई नाय. सासूशी भांडले, आशाबाईशी भांडले, एकदा शेठच्या ड्रायव्हरला पण झापलं होतं. पण ह्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. मला ह्यांची भीती वाटली, आन ह्यांची कीव आली, दोन्ही एकदमच. पलीकडं शेठ उभा होता, वर हजारो माणसं उभी होती, कठड्याला धरून आत्या उभ्या होत्या. मी डावीकडचा हात काढला, मागून वळून उजवीकडं गेले आन तिकडनं खांदा दिला.

माझ्या खांद्यावर आला तो ठणठणीत पाय. तुटक्या गुडघ्यावर ते एकेक पाऊल टाकत गेले आन मी बरोबर चालत गेले. प्रत्येक पावलाला ह्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतायची. अख्ख्या मैदानाला आम्ही अशी फेरी मारली. लोक म्हणत होते, बघा, बायको कसा आधार देती. आमच्यावर हळद पडत होती. तो गुडघा त्यानंतर दुमडला नाय.